सफरीची तयारी : पुण्याच्या बसपासून उमऱ्याच्या विमानापर्यंत

(सोलापुरात तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेलं भाषण. बोलण्याचा बाज तसाच ठेवून थोडं आवरून घेतलं आहे.)



मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगून टाकतो. डॉक्टर माझ्या शेजारी बसले आहेत, गोळ्या-औषधांचे प्रश्न शेवटी त्यांनाच विचारा. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्या कामात अर्धा वेळ प्रोग्राम लिहिण्यात जातो आणि अर्धा वेळ तो कुठं, कसा आणि कोणाच्या हातून बिघडेल याचा अंदाज बांधण्यात. प्रवासातलं आजारपण मी तसंच बघतो. नशीब, नजर, हवा-पाणी हे सगळं बाजूला ठेवून आधी विचारतो, बिघाड नेमका कुठं झाला?

या हॉलमधल्या कितीजणांचं पुण्याला जाणं-येणं असतं, हे हात वर न करताही मला माहीत आहे. सोलापूर आपल्या पोरांना शिकवतं आणि पुण्याला पाठवतं. मग ती पोरं कमावती झाली की अम्मी-अब्बांना उमऱ्याला पाठवतात. आपल्या घरांतले मोठे प्रवास बहुतेक हे दोनच. म्हणून बोलणंही या दोनांबद्दलच करतो. गोवा-महाबळेश्वरला जाणाऱ्यांनी स्वतःला हवं ते त्यातून उचलावं.

सुरुवात पुण्यापासून. २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रोड, नांदेड गाव, धायरी या भागात गियाँ-बारे सिंड्रोमची साथ आली होती, आपण सगळे तेव्हा तिला जीबीएस म्हणत होतो. संशयित रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढं गेला. त्या साथीतला पहिला संशयित मृत्यू नोंदला गेला तो सोलापुरात. लागण पुण्याची आणि शेवट इथला. सोलापूर-पुणे अंतर अडीचशे किलोमीटर आहे, पण आजाराच्या हिशेबात ही दोन शहरं एकाच वाड्यातल्या दोन खोल्या आहेत.

जीबीएस होतं कसं, ते समजून घ्या. बऱ्याच रुग्णांच्या शौचाच्या नमुन्यात कॅम्पायलोबॅक्टर नावाचा जिवाणू सापडला. हा दूषित पाण्यातून येतो, अर्धवट शिजलेल्या चिकनमधूनही येतो. आधी जुलाब होतात, पोट दुखतं, चार-पाच दिवसांत माणूस बरा होतो. आपण समजतो, विषय संपला. पण शरीरानं त्या जिवाणूशी लढायला जी फौज उभी केलेली असते ती कधी कधी चुकून स्वतःच्याच नसांवर चालून जाते. मग एक ते तीन आठवड्यांनी पायांत मुंग्या येतात, जिना चढता येत नाही, अशक्तपणा खालून वर सरकत जातो. छातीच्या स्नायूंपर्यंत पोहोचला तर श्वास अडतो. जुलाब झालेल्या हजारो लोकांपैकी एखाद्यालाच हे होतं, त्यामुळं घाबरून चिकन सोडायचं कारण नाही. मात्र जुलाबानंतर दोन आठवड्यांनी पाय लुळे वाटले, तर 'प्रवासाचा थकवा असेल' म्हणून मालीश करत बसू नका. त्याच दिवशी मोठ्या दवाखान्यात जा, आणि डॉक्टरांना जुलाब कधी झाले, त्या वेळी कुठं राहत होतो, हे न विचारता सांगा. ही एक ओळ निदानाचे दोन दिवस वाचवते.

पुण्यात पीजीमध्ये किंवा फ्लॅटवर राहणाऱ्यांनी एवढं करावं. सोसायटीचं पाणी टँकरचं आहे, विहिरीचं आहे की महापालिकेचं, हे विचारून घ्यावं. माहीत नसेल तर उकळावं. गाळणं वेगळं आणि उकळणं वेगळं. आणि कच्चं चिकन ज्या सुरीनं, ज्या पाटावर कापलं, त्यावरच काकडी-कांदा कापू नये. पोरांच्या फ्लॅटवर एकच सुरी असते, मला माहीत आहे. ती मध्ये साबणानं धुवावी, बस.

आता डब्याकडं येतो. हा विषय माझ्या आवडीचा आहे.

आपल्याकडं कोणी उमऱ्याला निघालं की वीस-पंचवीस माणसं सोडायला मुंबईपर्यंत जातात. सोबत डबे असतात. बिर्याणी सकाळी दहाला होते, पातेलं गरम असतानाच डबे भरले जातात, झाकणं घट्ट लागतात, आणि तो डबा उघडतो तेव्हा कधी रात्रीचे नऊ वाजलेले असतात. मध्ये गाडीची डिकी आणि सोलापूरचं ऊन. शिजवलेल्या भातात बॅसिलस सेरियस नावाच्या जिवाणूची बीजं शिजवूनही जिवंत राहतात. भात कोमट राहिला की ती रुजतात आणि विष तयार करतात. ते विष पुन्हा गरम करून जात नाही. म्हणजे 'ढाब्यावर जरा गरम करून घेऊ' हा उपाय कामाचा नाही. एक ते सहा तासांत उलट्या सुरू होतात. अशा डब्याचा परिणाम बरेचदा विमानतळाच्या रांगेत उभं असताना कळतो, आणि बिचाऱ्या चाचाला वाटतं, नजर लागली.

भात शिजल्यापासून दोन तासांत, उन्हाळ्यात तर एका तासात खाऊन टाका. लांब न्यायचाच असेल तर घरी पसरट थाळीत थंड करून फ्रिजमध्ये ठेवा आणि बर्फाच्या पेटीतून न्या. एवढी उठाठेव नको असेल, तर आपल्या जिल्ह्यानं यावर उत्तर केव्हाच काढून ठेवलं आहे : कडक भाकरी आणि शेंगा चटणी. कडक भाकरी महिनाभर का टिकते? तिच्यात पाणीच उरलेलं नसतं. जिवाणूला जगायला ओल लागते, ओल नाही तर वाढ नाही. शेंगा चटणीचंही तेच. आपण ती पाहुण्यांना भेट म्हणून देतो आणि स्वतःच्या प्रवासात मात्र दालचा-खाना बांधतो. खजूर, भाजलेले चणे, सुकी रोटी, तिथं सोललेलं केळं, एवढ्यावर बारा तास आरामात निघतात. बिर्याणी परत आल्यावर खाऊ, इन्शाअल्लाह.

आणि पोट बिघडलंच तर? ओआरएस. याचा इतिहास प्रत्येकाला माहीत असावा असं मला वाटतं. १९७१ साली बांगलादेशाच्या लढाईत लाखो निर्वासित सीमा ओलांडून पश्चिम बंगालात आले. बनगावच्या छावणीत कॉलरा पसरला. सलाईनच्या बाटल्या संपल्या. दिलीप महालनबीस या डॉक्टरनं पाण्यात मीठ आणि ग्लुकोज मिसळून पिंपांत भरलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. छावणीतलं मृत्यूचं प्रमाण सुमारे तीस टक्क्यांवरून चारच्या खाली आलं. आतड्यात साखर आत शिरताना मिठाला सोबत घेऊन जाते आणि मिठामागं पाणी जातं, एवढंच त्याचं तंत्र. म्हणून प्रमाणाला महत्त्व आहे. पुडी नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट छोटे चमचे साखर आणि अर्धा छोटा चमचा मीठ. साखर जास्त झाली तर जुलाब वाढतात. टेट्रापॅकमधले गोड रंगीत पाणी नावात 'ओआरएस' लावून विकलं जात होतं. हैदराबादच्या एका बालरोगतज्ज्ञ बाई वर्षानुवर्षं त्याच्याशी भांडल्या आणि २०२५ च्या ऑक्टोबरात एफएसएसएआयनं सूत्र पाळत नसलेल्या पेयांना ते नाव वापरायला मनाई केली. तुम्ही पुडीवर जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचा उल्लेख बघूनच घ्या. चार पुड्यांना फार पैसे पडत नाहीत आणि जागाही लागत नाही. मात्र बीपी असलेल्यांनी जुलाब नसताना सरबत म्हणून रोज ओआरएस पिऊ नये, त्यात मीठ आहे.

यानंतर जे बोलणार आहे ते मुलींनाही ठाऊक आहे आणि आयांनाही, फक्त पुरुषांसमोर बोललं जात नाही. आपल्या घरातल्या बायका प्रवासाच्या दिवशी पाणी पीत नाहीत. सकाळी निघायचं असेल तर आदल्या रात्रीपासूनच घोट-घोट. कारण वाटेत जायचं कुठं? बसथांब्यावरच्या स्वच्छतागृहाची अवस्था बघून बाई परत फिरते आणि पुढचे चार तास आवळून बसते. लघवी कोंडली, पाणी कमी प्यायलं, की मूत्रमार्गाला जंतुसंसर्ग होतो. ताप, थंडी, जळजळ. मधुमेह असेल तर लवकर किडनीपर्यंत जातो. मग घरी आल्यावर 'प्रवास झेपला नाही' असं म्हटलं जातं. प्रवासाचा यात काही दोष नाही, त्यांना संडास मिळाला नाही.

मुंबईत २०११ साली बायकांच्या संघटनांनी 'राइट टु पी' नावानं मोहीम सुरू केली. पुरुषांसाठी मुतारी मोफत आणि बायकांकडून पैसे, हे कशासाठी, हा त्यांचा साधा प्रश्न होता. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयानं न्यायालयांतल्या स्वच्छतागृहांबद्दलच्या खटल्यात निकाल देताना ही सोय म्हणजे घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्काचा भाग आहे असं मानलं. मग आपल्या एसटी स्टँडवर, टेंभुर्णी-इंदापूर-भिगवणच्या थांब्यांवर काय आहे, याची पाहणी करायला काय हरकत आहे? इथं पन्नास जण बसलात. प्रत्येक जण महिन्यातून एकदा तरी त्या रस्त्यानं जातो. फोटो काढा, तारीख टाका, कुठं दार नाही, कुठं पाणी नाही, कुठं कडी नाही, हे एका शीटमध्ये भरा. शीट मी बनवून देतो. तीन महिन्यांची नोंद घेऊन विभाग नियंत्रकांकडं गेलं की 'तक्रार' ऐवजी 'आकडे' समोर ठेवता येतात. मुलांनो, हे काम फक्त मुलींवर ढकलू नका. आणि घरच्या प्रवासात गाडी तुमची असेल तर अम्मीनं सांगायची वाट न बघता दर दोन तासांनी बऱ्या पेट्रोल पंपावर थांबवा. त्यानं पायही मोकळे होतात. चार तासांहून जास्त एका जागी बसलं की पोटरीत रक्ताची गाठ होण्याचा धोका वाढतो, मग ते विमान असो, स्लीपर नसलेली बस असो.

याच ओघात आणखी एक. हज-उमऱ्याच्या दिवसांत पाळी येऊ नये म्हणून गोळ्या घेतल्या जातात. घ्याव्यात की नाही हे ज्याचं त्यानं ठरवावं, पण त्या शेजारणीच्या पाकिटातून घेऊ नयेत. ज्यांना आधी कधी रक्ताची गाठ झाली आहे, मायग्रेन आहे, वजन फार आहे, बीपी आहे, त्यांनी आधी डॉक्टरांना भेटायलाच हवं. महिना-दोन महिने आधी, विमानाच्या आदल्या दिवशी नव्हे.

आता हज आणि उमरा.

मी वाचत असताना एक जुनं पुस्तक सापडलं, त्याची ओळख करून देतो. नवव्या शतकात बालबेकचा कुस्ता इब्न लूका नावाचा विद्वान होऊन गेला. धर्मानं ख्रिस्ती. हजला निघालेल्या एका अब्बासी अधिकाऱ्यासाठी त्यानं एक पुस्तिका लिहिली : प्रवासात काय खावं, कोणतं पाणी प्यावं, वाईट पाणी कसं सुधारावं, थकल्यावर पाय कसे चोळावेत, डोळ्यांत धूळ गेली तर काय, वाऱ्यानं कान दुखला तर काय. त्यात नारूवरही लिहिलं आहे. आपल्या आजोबा-आजींच्या पिढीला नारू माहीत आहे, पायऱ्यांच्या विहिरीतल्या पाण्यातून येणारा, पायातून दोऱ्यासारखा बाहेर पडणारा किडा. त्याच्या शास्त्रीय नावात मदीना आहे, कारण जुने हकीम त्याला मदिन्याची नस म्हणत. पाणी गाळण्याच्या साध्या फडक्यानं भारतातून नारू गेला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. बाराशे वर्षांपूर्वी एक ख्रिस्ती वैद्य हाजींच्या पायांची काळजी करत होता, आणि ती वाचून त्याच्यावर कोणी रागावलं नव्हतं.

पुढचा इतिहास इतका गोड नाही. १८६५ च्या हजमध्ये कॉलरा आला आणि सुमारे पंधरा हजार हाजी गेले असा अंदाज दिला जातो. परतणारे जहाजांनी सुएझला उतरले, तिथून आगगाडीनं अलेक्झांड्रिया, तिथून आगबोटींनी मार्सेय. काही महिन्यांत युरोपभर साथ. वाफेच्या इंजिनानं माणूस जसा वेगानं पोहोचवला तसा जंतूही. १८६६ साली कॉन्स्टँटिनोपलला आंतरराष्ट्रीय परिषद भरली आणि हिंदुस्तानातून जाणाऱ्या हाजींवर सगळ्या जगाची नजर बसली. १८८२ पासून तांबड्या समुद्रातल्या कमरान बेटावर जहाजं अडवून हाजींना क्वारंटाइनमध्ये ठेवलं जाऊ लागलं. १८९६ मध्ये मुंबईत मांडवीला प्लेग आला, आणि १८९७ साली मुंबईहून हजला जाणंच बंद केलं गेलं. त्याच वर्षीचा साथरोग कायदा २०२० मध्ये आपण सगळ्यांनी अनुभवला. इंग्रज अधिकारी ज्या दमात मक्केचं नाव घेत त्याच दमात आपल्या पंढरपूरचं आणि पुरीचंही घेत. वारकरी आणि हाजी दोघंही त्यांच्या लेखी कॉलऱ्याचे वाहक होते. पाणी कोणी स्वच्छ ठेवायचं हा प्रश्न बाजूला राहायचा आणि यात्रेकरू घाणेरडा ठरायचा. आज आषाढीला पंढरपूरच्या वाटेवर दवाखाने, पाण्याचे टँकर, रुग्णवाहिका उभ्या असतात, ते बघताना मला हा फरक जाणवतो. आपल्या जिल्ह्यातल्या ज्या मुस्लिम पोरांनी वारीत पाणीवाटप केलं असेल त्यांनी पुढच्या वेळी पाण्यासोबत क्लोरीनची पट्टीही घेऊन जावी.

आता ऊन. 'आम्ही सोलापूरचे, चव्वेचाळीस डिग्री आम्हाला काय नवीन?' हे वाक्य मी इतक्या तोंडून ऐकलं आहे! सोलापूरचा माणूस मे महिन्यात दुपारी बारा ते चार काय करतो? झोपतो. दुकानाचं शटर अर्धं खाली असतं. हजमध्ये त्याच वेळी तो मिनातून जमरातला चालत असतो. शरीर आतून उष्णता तयार करतं, बाहेरून ऊन, आजूबाजूला गर्दीमुळं वारा नाही, घाम सुकत नाही. वय झालेल्यांना तहान कमी लागते, घाम कमी येतो. त्यात बीपीच्या काही गोळ्या पाणी बाहेर काढणाऱ्या. २०२४ च्या हजमध्ये १७ जूनला हरमच्या परिसरात ५१.८ अंश तापमान नोंदलं गेलं. सौदी सरकारनं त्या हजमधले १३०१ मृत्यू सांगितले, आणि त्यातले ८३ टक्के लोक परवान्याशिवाय आलेले होते. आपल्या देशाचे ९८ जण त्या हजमध्ये गेले, असं परराष्ट्र मंत्रालयानं सांगितलं.

तो ८३ टक्क्यांचा आकडा पुन्हा ऐका. परवाना नाही म्हणजे तंबू नाही, एसी नाही, बस नाही, आणि पकडले जाऊ या भीतीनं दवाखान्यातही जायचं नाही. स्वस्तात हज करून देतो, व्हिजिट व्हिसावर नेतो, असं सांगणारा कोणी गल्लीत आला, तर वडीलधाऱ्यांना 'बेकायदा आहे' एवढंच सांगून भागत नाही. कायद्याचं त्यांना काही वाटत नाही. त्यांना सांगा, अब्बा, तुम्हाला चार दिवस सावली मिळणार नाही.

आणि इथं ते वाक्य येतं ज्यासाठी मी खरं तर आज बोलायला उभा राहिलो. मोठी माणसं म्हणतात, "वहाँच मौत आ गई तो नसीब की बात है." शुगर तीनशे आहे, पाय सुजले आहेत, डॉक्टर म्हणतात दोन महिने थांबा, आणि दादी म्हणते, तिथं गेले तर जन्नत. फॉर्मवर आजार लपवला जातो. गोळ्या 'इबादतमध्ये अडथळा' म्हणून सोडल्या जातात. या भावनेची थट्टा करू नका. आयुष्यभर एका स्वप्नासाठी पैसा-पैसा जमवलेल्या माणसाचं ते बोलणं आहे. पण उत्तर द्या, आणि त्यांच्याच घरातलं द्या.

हिजरी १८, म्हणजे इसवी सन ६३९. हजरत उमर शामला निघाले होते. सर्ग नावाच्या ठिकाणी कळलं की पुढं प्लेग आहे. त्यांनी आधी मुहाजिरांना विचारलं, त्यांच्यात मतभेद. अन्सारांना विचारलं, तिथंही मतभेद. मग कुरैशच्या जुन्या जाणत्यांना विचारलं, ते म्हणाले, परत फिरा. उमरांनी परतीचा हुकूम दिला. अबू उबैदांनी तोंडावर विचारलं, अल्लाहच्या तकदीरपासून पळता का? उमरांचं उत्तर असं होतं की आपण एका तकदीरकडून दुसऱ्या तकदीरकडं जातो आहोत. त्यांनी उंटांचा दाखला दिला : खोऱ्याची एक बाजू हिरवी, दुसरी उजाड, कुठंही चारलं तरी चराई तकदीरचीच. मग अब्दुर्रहमान बिन औफ आले आणि त्यांनी पैगंबरांची शिकवण सांगितली, की जिथं साथ आहे तिथं जाऊ नये आणि आपण असू तिथं साथ आली तर तिथून बाहेर पळू नये. तकदीरवर उमरांपेक्षा जास्त विश्वास आपल्या गल्लीत कोणाचा आहे, असं दादीला प्रेमानं विचारा. प्रवाशाला आणि आजाऱ्याला रोजा पुढं ढकलायची मुभा आहे, नमाज कसर करायची मुभा आहे. ज्या धर्मानं सफरीत फर्ज हलकं केलं तो गोळी सोडायला कशाला सांगेल?

शक्य असेल तर त्यांना लवकर पाठवा. गुडघे चालतात तोवर. सई म्हणजेच सुमारे तीन किलोमीटर, तवाफ वेगळा. जाण्याआधी दोन महिने रोज फज्रनंतर त्यांच्यासोबत चालायला जा, तीच चप्पल घालून जी तिथं वापरायची आहे. नवी चप्पल आणि मधुमेह ही जोडी फार वाईट. पायाला फोड येतो, बधिर पायाला कळत नाही. चप्पल दाराशी हरवली तर तापलेल्या फरशीवर अनवाणी यायला लागतं, म्हणून पिशवीत सोबत ठेवायची. इहराममध्ये पुरुषांना डोकं झाकता येत नाही, पण छत्री चालते. पांढरी घ्या. पाणी तहान लागायच्या आधी.

कोणी बरळायला लागलं, चक्कर येऊन पडलं, अंग तापलेलं असेल, तर तो उष्माघात समजा. आधी थंड करा, मग हलवा. सावलीत घ्या, कपडे सैल करा, अंगावर पाणी शिंपडा आणि वारा घाला. मक्केत १९८० च्या सुमारास उष्माघाताच्या रुग्णांसाठी जी शीतकरणाची यंत्रणा वापरात आली, तिचं तत्त्व हेच : पाण्याचे बारीक तुषार आणि गरम हवेचा झोत, म्हणजे कातडी आकसत नाही आणि उष्णता बाहेर पडत राहते. शुद्धीत नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नका, जमजमचं असलं तरी. तिथं रुग्णवाहिकेसाठी ९९७, आणि मक्केत ९११ चालतो. आपल्याकडं १०८, रेल्वेत १३९.

लसीचं थोडक्यात. मेनिंजायटिसची लस हजला सक्तीची आहे आणि उमऱ्यालाही घ्यायला सांगितलेली आहे. पोहोचायच्या किमान दहा दिवस आधी. २००० सालच्या हजनंतर डब्ल्यू-१३५ या प्रकाराची साथ देशोदेशी गेली, तेव्हापासून चार प्रकारांवर चालणारी लस मागतात. २०२४ मध्ये उमऱ्याहून परतलेल्यांत आणि त्यांच्या जवळच्यांत अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स मिळून बारा रुग्ण सापडले, त्यातल्या बहुतेकांनी लस घेतलेली नव्हती. लस न घेता दाखला मिळवून देणारेही असतात. तो कागद विमानतळ पार करतो, जंतूला तो वाचता येत नाही. साठीच्या पुढच्यांनी फ्लूच्या लसीचंही विचारून घ्या. केस काढताना नवं ब्लेड समोर उघडायला लावा, दुसऱ्याच्या रक्तातून हिपॅटायटिस बी आणि सी येतात. उंटाचं कच्चं दूध 'बरकत' म्हणून पिऊ नका. २०१२ साली सौदीत सापडलेला मर्सचा विषाणू उंटांत असतो.

गोळ्या हातातल्या बॅगेत, मूळ पाकिटात, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. चिठ्ठीवर गोळीचं मूळ रासायनिक नाव लिहून घ्या, आपले ब्रँड तिथं कोणी ओळखत नाही. इन्शुलिन चेक-इन सामानात टाकू नका. ट्रॅमाडॉल, कोडीन असलेल्या गोळ्या आणि कफ सिरप यांवर तिथं कडक नियम आहेत. आणि खसखस अजिबात नको. अम्मीनं प्रेमानं बांधून दिलेल्या मसाल्यात खसखस असते, ती तिथं अमली पदार्थात मोजतात. मसाला द्यायचाच असेल तर वेगळा कुटा. अब्बांच्या मोबाईलच्या लॉक स्क्रीनवर आजार, गोळ्या आणि तुमचा नंबर दिसेल असं करून ठेवा. दोन मिनिटांचं काम आहे, बैठकीनंतर कोणाला जमत नसेल तर माझ्याकडं या.

परत आल्यावरचं राहिलं. दोन आठवड्यांत ताप, खोकला, दम लागणं असं काही झालं तर डॉक्टरांना पहिलं वाक्य 'उमऱ्याहून आलोय' हे सांगा. तोवर खोकणाऱ्या हाजीसाहेबांना मुबारकबाद द्यायला येणाऱ्यांच्या मांडीवर तान्हं बाळ देऊ नका. लोक रागावतील, रागावू द्या.

आणि आपल्या शहराची एक खास अडचण. आपल्याकडं नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं, म्हणून घराघरांत बॅरल भरलेले. पंधरा दिवस घर बंद करून जाताना ते बॅरल भरून उघडे ठेवले, तर डेंगीचा डास अंड्यापासून उडण्यापर्यंत आठ-दहा दिवसांत तयार होतो. तुम्ही परत येता तेव्हा घरात त्याची दुसरी पिढी वाट बघत असते. निघायच्या दिवशी बॅरल रिकामे करून, आतली कड घासून पालथे घाला, कारण अंडी कडेला चिकटलेली असतात. टाकी रिकामी करता येत नसेल तर झाकणाखाली जुन्या ओढणीचं कापड बांधा. किल्ली शेजाऱ्यांकडं देताना कुंड्यांखालच्या ताटल्याही दाखवून ठेवा.

एसटी स्टँडच्या पाहणीसाठी नावं देणाऱ्यांनी दाराजवळच्या वहीत लिहा. पुण्याच्या रस्त्यावरचे थांबे आधी घेऊ, मग तुळजापूर आणि अक्कलकोटकडचे. आता डॉक्टरांकडं प्रश्न.